बोरघाटातील रस्ता आणि वाहनसुरक्षिततेचा इतिहास

१

रस्त्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी लिहिला जातो. एक लष्करी हालचालींचे अंग आणि दुसरे व्यापाराचे. कोणत्या घाटाने कोणती फौज चढली आणि कोणत्या बंदरातून कोणता माल देशावर गेला, हे प्रश्न आपल्या अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. त्या रस्त्यावरून जाणारा मनुष्य सुखरूप पोहोचावा म्हणून कोणत्या काळी कोणती तजवीज होती, ती कोणाच्या हाती होती आणि ती कशामुळे निरुपयोगी ठरली, हा प्रश्न मात्र सहसा अभियंत्यांकडे किंवा पोलिसांकडे सोपवला जातो. वस्तुतः तो इतिहासाचाही प्रश्न आहे. कारण सुरक्षितता ही एकदा मिळवून ठेवण्याची वस्तू नसून वाहन, वेग आणि मार्ग बदलताच तिची घडी नव्याने घालावी लागते, आणि हा बदल कालक्रमानेच समजून घेता येतो.

प्रस्तुत निबंधात या दृष्टीने मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटाचा विचार केला आहे. ही निवड करण्याचे कारण असे की खोपोली आणि खंडाळा यांच्यामधील सुमारे ५०० मीटरांचा एकच उतार गेली दोन शतके लमाणांचे बैल, बैलगाडी, आगगाडी, मोटार आणि अखेरीस द्रुतगती मार्गावरील वाहने यांनी वापरला आहे. चढ तोच, उतार तोच, पावसाळाही तोच. बदलले ते वाहन, त्याचा वेग आणि त्याभोवतीची व्यवस्था. त्यामुळे येथे कार्यकारणाची तुलना इतरत्र क्वचितच मिळेल इतक्या स्वच्छपणे करता येते.

या तुलनेतून जे निष्पन्न होते ते आरंभीच सांगतो. घाटाची वाट प्रत्येक वेळी सोपी झाली, तेव्हा तिच्या अवघडपणामुळे आपोआप पाळली जाणारी सावधगिरी नाहीशी झाली. तिची जागा घेण्यासाठी जाणीवपूर्वक उभारलेली व्यवस्था आवश्यक होती. आगगाडीच्या बाबतीत ती मार्गाबरोबरच उभी राहिली; मोटारीच्या बाबतीत ती पुष्कळ उशिरा आली, आणि त्या विलंबाची किंमत प्रवाशांनी प्राणांनी चुकती केली.

२

इसवी सन १८३० पूर्वी बोरघाट ही वाट होती. चाकाच्या वाहनांचा रस्ता या अर्थाने ती रस्ता नव्हती. माल बैलांच्या पाठीवरून जाई. तांड्यांचा मुक्काम, पाण्याची सोय आणि दिवसाचा प्रकाश यांवर प्रवासाची चाल ठरे. घाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे नाना फडणिसांनी बांधविलेले तळे आणि महादेवाचे देऊळ आहे. चढण्यापूर्वी थांबणे आणि उतरल्यावर विसावणे हा त्या प्रवासाचा नियमच होता, हे अशा बांधकामांवरून सहज ध्यानात येते. दरड, पाऊस, वन्य पशू आणि चोर हे धोके होते. परंतु वेग हा धोका नव्हता, कारण वेग शक्यच नव्हता.

या अवघडपणाला राजकीय मूल्यही होते. १७७८ च्या डिसेंबरात राघोबादादांची बाजू घेऊन मुंबईकर इंग्रजांची फौज याच घाटाने वर आली. तोफा आणि सामानाचा प्रचंड लवाजमा घेऊन तिची चाल इतकी मंद झाली की मराठ्यांना तिला घेरण्यास पुरेसा अवधी मिळाला आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावचा तह झाला. वाटेचा अवघडपणा पुण्याचे रक्षण करीत होता. इंग्रजांनी हा धडा घेतला. १८०४ मध्ये जनरल वेलस्ली याने तोफा जाऊ शकतील अशा बेताने घाटाची वाट सुधारविली आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम याने गाड्या जाऊ शकतील असा रस्ता खुला केला.

या दिवसापासून बोरघाटात चाक आले, आणि चाकाबरोबर एक नवा धोका आला. पाठीवर ओझे घेतलेला बैल उतारावर स्वतःला सावरू शकतो. गाडीला जुंपलेल्या बैलाला मात्र मागून येणारा भार पुढे लोटतो. चढावर बैल गाडी ओढतो, उतारावर गाडी बैलाला ढकलते. गाडीवानांनी यावर जो उपाय योजला तो साधा होता. उतारावर चाकांना अडसर लावावयाचा, गाडी पावलापावलाने उतरवावयाची, मधूनमधून जनावरांना उसंत द्यावयाची. घाटात पथकर घेतला जाई, तेथेही गाडी थांबे. या थांब्यांपैकी एकही सुरक्षिततेच्या हेतूने ठरवलेला नव्हता. पण त्या सर्वांचा परिणाम सुरक्षिततेचाच होता. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

३

लोहमार्गाने हा संबंध प्रथमच जाणीवपूर्वक हाताळला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या योजनेनुसार १८५६ मध्ये बोरघाटाचे काम सुरू झाले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारल्यावर त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुढे चालविले आणि १८६३ मध्ये हा मार्ग वाहतुकीस खुला झाला. त्यात २५ बोगदे होते आणि सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट या प्रमाणाचा होता. अभियांत्रिकीच्या इतिहासात या कामाचा गौरव झाला आहे. त्यात दगावलेल्या हजारो मजुरांची आठवणही अलीकडील संशोधनाने करून दिली आहे.

येथे पाहावयाचे आहे ते निराळेच. उतारावर गाडी अनावर होऊ शकते, हे गृहीत धरूनच या मार्गाची योजना झाली. घाटात ठिकठिकाणी मुख्य रुळांना जोडून चढावर नेणारे आडमार्ग ठेवले गेले. सांध्याची नेहमीची स्थिती आडमार्गाकडे. उतरणारी गाडी तेथे पूर्ण थांबल्यावरच तिला मुख्य मार्ग मोकळा करावयाचा, अशी ही पद्धत. ब्रेक निकामी झालेली गाडी थांबू शकली नाही तर ती आपोआप आडमार्गावर जाऊन चढावर मंदावते. पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या प्रवाशास घाटात गाडी निष्कारण थांबल्यासारखी वाटते, त्या थांब्यामागे हा विचार आहे.

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की तिने चालकाच्या सद्गुणावर भिस्त ठेवली नाही. चालक सावध असेल, ब्रेक शाबूत असतील, ही आशा तिने अवश्य केली. पण ती फोल ठरली तर काय, याचे उत्तर रुळांतच बसवून ठेवले. बैलगाडीच्या काळी थांबा परिस्थितीने लादलेला होता. लोहमार्गाने तो नियम म्हणून स्वीकारला. हे शक्य झाले याचे कारण रूळ, डबे, इंजिन, सांधेवाला आणि चालक हे सर्व एकाच संस्थेच्या ताब्यात होते. एकाच्या चुकीचा भार दुसऱ्याने उचलावा, अशी आज्ञा करणारा अधिकारी तेथे होता.

४

मोटारीच्या बाबतीत असा अधिकारी कोणीच नव्हता. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, गाडी खाजगी मालकाची, चालक बहुधा पगारी नोकर आणि नियम पोलिसांच्या हाती, अशी ही चार दिशांना तोंडे असलेली रचना होती. तिच्यात अपघाताचा विचार कसा झाला, हे कायद्यांच्या क्रमावरून स्पष्ट होते.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेतील २७९ वे कलम सार्वजनिक मार्गावर बेदरकारपणे वाहन हाकण्याबद्दल शिक्षा सांगते. हे कलम घोडागाडीच्या काळी लिहिले गेले. १८७० मध्ये संहितेत ३०४-अ हे कलम घालून हयगयीने मृत्यू घडविण्याचा अपराध निराळा सांगितला गेला. पुढे मोटारींच्या अपघातांत या दोन कलमांचाच आधार घेतला जाई, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेतही त्यांचा आशय कायम राहिला आहे. १९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्याने नोंदणी आणि परवाना आणला व अठरा वर्षांखालील व्यक्तीस सार्वजनिक ठिकाणी मोटार हाकण्याची मनाई केली. १९३९ च्या कायद्याने वाहनांच्या वर्गवारीप्रमाणे वेगमर्यादा, चिन्हे आणि मार्गावरील वर्तनाचे नियम परिशिष्टांतून घालून दिले. डावीकडून चालावे, वळणावर किंवा पुढचे दिसत नसेल तेथे दुसऱ्यास ओलांडून जाऊ नये, हे त्यांतीलच. तिऱ्हाइतासाठी सक्तीचा विमा याच कायद्यात होता. पण तो प्रत्यक्ष अमलात येण्यास १९४६ साल उजाडले.

या सर्व कायद्यांचा रोख एकाच बाजूस आहे. अपघात झाला म्हणजे कोणाची तरी चूक झाली, ती शोधावी आणि चुकणाऱ्यास शासन करावे, असे त्यांचे तर्कशास्त्र आहे. ते चुकीचे नाही. पण अपुरे आहे. चूक होणारच, तेव्हा ती प्राणघातक होऊ नये म्हणून मार्गाने काय करावे, हा लोहमार्गाने १८६३ मध्ये विचारलेला प्रश्न या कायद्यांच्या कक्षेत येत नव्हता.

रस्त्याचा विचार निराळ्या दालनात चालू होता. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्ता विकास समिती नेमली गेली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जयकर ते हेच. मोटारींच्या वाढत्या वाहतुकीमुळे रस्त्यांचा भार स्थानिक संस्थांना पेलण्यासारखा राहिलेला नाही, तो राष्ट्रीय प्रश्न झाला आहे, अशी समितीची भूमिका होती. तिच्या १९२८ च्या अहवालानुसार पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसवून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी उभारला गेला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. १९४३ च्या नागपूर योजनेने राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची वर्गवारी केली. तीतूनच पुढे मुंबई-पुणे-बंगलोर-मद्रास हा मार्ग राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ म्हणून ओळखला जाऊ लागला.

वळणाची त्रिज्या, चढाचे प्रमाण, समोरचे किती अंतर दिसावे, यांची मानके अभियंत्यांनी सिद्ध केली, हे त्यांचे मोठे कार्य होय. तथापि ही मानके बांधकामाच्या पुस्तकांत राहिली आणि अपघाताचा निवाडा न्यायालयात होत राहिला. रस्त्याची रचना सदोष होती काय, हा प्रश्न पोलिसांच्या पंचनाम्यात क्वचितच विचारला जाई.

५

जुन्या महामार्गावरील घाटात मोटारयुगाची पहिली अनेक दशके कशी निभावली गेली, याचे उत्तर पुन्हा अवघडपणातच सापडते. रस्ता अरुंद, वळणे तीव्र आणि इंजिने अशक्त असल्यामुळे वेग मर्यादित राही. चढावर इंजिन तापे, तेव्हा पाणी घालण्यासाठी थांबावेच लागे. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. लोहमार्गासाठी घाटातील वाट इंग्रजांना दाखविणाऱ्या आणि अखेर त्यांच्याच हातून मारल्या गेलेल्या धनगराचे हे स्थान, अशी आख्यायिका आहे. तिला कागदोपत्री आधार कितपत आहे हा स्वतंत्र विषय आहे. परंतु देवळाजवळ गाडी मंद करून नाणे वाहण्याची चालकांची रीत ही प्रत्यक्ष पाहण्यातली गोष्ट आहे. भक्तीचा भाग अलाहिदा, घाटाच्या मध्यावर चालकाला वेग उतरवावयास लावणारी ती एक रूढी होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

चढणाऱ्या वाहनास वाट देण्याची पद्धतही अशीच. अरुंद घाटात उतरणाऱ्याने बाजूस थांबावे, चढणाऱ्यास आधी जाऊ द्यावे, हा संकेत १९८९ च्या मार्गनियमांत लिखित स्वरूपात आढळतो. चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा हलविणे कठीण आणि मागे घसरण्याची भीती मोठी, हा त्यामागील अनुभव होय.

या काळातील सर्वांत घातक सवय मात्र काटकसरीतून आली. उतारावर गिअर काढून गाडी न्यूट्रलवर सोडली तर डिझेल वाचते, अशी समजूत मालमोटारींच्या चालकांत दृढ होती व आहे. तिचा हिशेब मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. वीस टन वजनाची मालमोटार ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे ३०० लिटर पाणी उकळीपर्यंत तापविण्यास पुरेशी असते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर या ऊर्जेचा मोठा वाटा इंजिन शोषून घेते. न्यूट्रलमध्ये ती जवळजवळ सर्व ब्रेकांत उष्णता होऊन उतरते. ब्रेक तापतात, त्यांची पकड सुटते आणि खालच्या वळणावर चालकाच्या पायाखाली काहीच उरत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक या भौतिक सत्याचेच व्यावहारिक रूप आहे. चाकाला अडसर लावणारा गाडीवान आणि खालच्या गिअरमध्ये उतरणारा चालक एकच गोष्ट करीत असतात.

६

जुना महामार्ग अपुरा पडू लागल्यावर नव्या मार्गाची योजना झाली. १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्याकडे हे काम सोपविण्यात आले. कळंबोली ते किवळे हा सुमारे ९४.५ किलोमीटरांचा सहापदरी द्रुतगती मार्ग टप्प्याटप्प्याने खुला होऊन २००२ मध्ये पूर्णपणे वाहतुकीस उपलब्ध झाला. दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, जनावरे आणि पादचारी यांना त्यावर मज्जाव आहे. आडवे रस्ते त्याला छेदत नाहीत. जाण्यायेण्याच्या बाजू दुभाजकाने वेगळ्या केलेल्या आहेत. जुन्या महामार्गावरील समोरासमोरच्या टकरी आणि आडव्या येणाऱ्या वाहतुकीचे अपघात टाळण्याच्या दृष्टीने ही रचना निःसंशय श्रेष्ठ होती.

परंतु या रचनेने आणखी एक गोष्ट केली. तिने प्रवासातील थांबे काढून टाकले. तापणारे इंजिन, अरुंद वळण, गावाचा चौक, देवळाजवळचा संथपणा, यांपैकी काहीही वाटेत राहिले नाही. पूर्वी थांबणे हेच सुरक्षित होते. आता भरधाव मार्गावर थांबणे हाच मोठा धोका झाला. या उलटापालटीची जाणीव समाजाला लगेच झाली नाही. जुन्या महामार्गाच्या सवयी घेऊनच चालक नव्या मार्गावर आले. चाक बदलण्यासाठी, फोनवर बोलण्यासाठी, भजी खाण्यासाठी कडेच्या पट्टीवर गाडी उभी करणे त्यांना स्वाभाविक वाटले. ५ जून २०१६ रोजी पनवेलजवळ एक प्रवासी बस कडेला उभ्या असलेल्या वाहनांवर आदळली आणि १७ माणसे मरण पावली. त्या वाहनांपैकी एकाचे चाक पंक्चर झाले होते. जुन्या रस्त्यावर ज्याला कोणी अपघात म्हटले नसते अशी ही क्षुल्लक घटना नव्या मार्गावर प्राणघातक ठरली.

यामागील गणित सोपे आहे, पण ते डोळ्यांना जाणवत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक ते दोन सेकंद जातात. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच २८ ते ५६ मीटर अंतर कापले गेलेले असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर आणि उत्तम टायर असतानाही गाडी थांबण्यास आणखी सुमारे ५५ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते, हा नियम शालेय पुस्तकातला आहे. पण रुंद, सरळ आणि गुळगुळीत मार्गावर चालकाला आपला वेग प्रत्यक्षाहून कमी भासतो. पुढील वाहनापासून तीन सेकंदांचे अंतर ठेवावे, या शिकवणीचे मूळ येथे आहे. ताशी १०० किलोमीटरला हे अंतर ८० मीटरांहून अधिक भरते. १४ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे माजी आमदार विनायक मेटे यांचा मृत्यू झाला तो याच मार्गावर, पुढील जड वाहनाशी झालेल्या टकरीत.

दुभाजकाचा इतिहासही बोलका आहे. दोन बाजूंमध्ये मोकळी जागा ठेवली की समोरासमोरची टक्कर टळेल, असे आरंभी मानले गेले. प्रत्यक्षात ताबा सुटलेली वाहने ती जागा ओलांडून पलीकडे जात राहिली. २३ डिसेंबर २०१२ रोजी आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे या मराठी नटांचा मृत्यू झाला, तो दुभाजक ओलांडून आलेल्या टेम्पोने त्यांच्या मोटारीस धडक दिल्यामुळे. पेंडसे यांचे लहान मूलही त्यात दगावले. चालक म्हणून त्या मोटारीतील कोणीही याहून अधिक काय करू शकले असते, हा प्रश्न येथे विचारलाच पाहिजे. आणि त्याचे उत्तर चालकाच्या वर्तनात नसून मार्गाच्या रचनेत आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यानंतरच्या काही वर्षांत दुभाजकावर पोलादी तारदोरांचे कठडे बसविण्यात आले.

हा विलंब आपल्याच देशाचा दोष होता, असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये एम-१ हा द्रुतगती मार्ग २ नोव्हेंबर १९५९ रोजी खुला झाला, तेव्हा त्यावर वेगाची मर्यादा नव्हती आणि मध्यभागी कठडाही नव्हता. ताशी ७० मैलांची मर्यादा डिसेंबर १९६५ मध्ये प्रथम प्रयोग म्हणून आली आणि १९६७ मध्ये कायम झाली. सुगम मार्ग आधी आणि त्याची सुरक्षा मागाहून, हा क्रम तेथेही दिसतो. फरक इतकाच की तेथील अनुभव आपल्या मार्गाच्या उभारणीपूर्वी तीस-चाळीस वर्षे उपलब्ध होता.

७

अपघातशास्त्रात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जो विचारबदल झाला, त्याचा येथे उल्लेख करणे अवश्य आहे. अमेरिकेतील वैद्य विल्यम हॅडन यांनी अपघाताची विभागणी अपघातापूर्वीचा, प्रत्यक्ष आघाताचा आणि त्यानंतरचा अशा तीन अवस्थांत केली आणि प्रत्येक अवस्थेत मनुष्य, वाहन व परिसर या तिन्हींचा विचार करावा, असे प्रतिपादिले. १९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेने रस्त्यावर एकही मृत्यू अटळ मानावयाचा नाही, हे धोरण स्वीकारले. मनुष्य चुकणारच, तेव्हा त्याची चूक पोटात घेणारा मार्ग बांधला पाहिजे, हे त्याचे सार. बोरघाटाच्या लोहमार्गाचे आडमार्ग ज्याने पाहिले आहेत, त्याला हा विचार अगदी नवा वाटणार नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून या विचाराच्या आधारे शून्य मृत्यूचे उद्दिष्ट ठेवून काम सुरू झाले. सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि पोलीस यांनी अपघातांची जागेवर पाहणी करून धोक्याची स्थळे निश्चित केली. उघडे खांब, कठड्यांची टोके, पुलांचे कोपरे यांची दुरुस्ती झाली. २०१६ मध्ये या मार्गावर १५१ मृत्यू झाले होते. २०१९ मध्ये ते ९२ झाले. पुढील वर्षांत हा आकडा कधी उतरला, कधी पुन्हा चढला. यावरून दोन अनुमाने निघतात. मार्ग सुधारला तर मृत्यू घटतात, हे पहिले. आणि लक्ष ढळले की ते पुन्हा वाढतात, हे दुसरे.

घाटाचा प्रश्न मात्र निराळा राहिला. आडोशी ते खंडाळा या टप्प्यात द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग यांची वाहतूक एकत्र येत असे. म्हणजे रचनेने वेगळे केलेले दोन प्रवाह सर्वांत कठीण जागी पुन्हा मिसळत. खंडाळ्याजवळील ब्रिटिशकालीन अमृतांजन पुलाचे खांब मार्गाला चिमटीत धरीत. तो पूल एप्रिल २०२० मध्ये स्फोटाने पाडण्यात आला. खोपोली ते कुसगाव या सुमारे १३ किलोमीटरांच्या नव्या जोडमार्गाचे काम २०१९ मध्ये हाती घेण्यात आले. लांब बोगदे आणि उंच पूल यांच्या साहाय्याने घाट टाळण्याची ही योजना आहे. २०२४ पासून मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली असून दोन ठिकाणांमधील सरासरी वेगही ती मोजते. एका कॅमेऱ्यासमोर वेग कमी करून पुढे पुन्हा वाढविण्याची युक्ती त्यामुळे निरुपयोगी ठरते.

घाट टाळला की धोका टळला, असे मानण्याचा मोह होईल. या निबंधातील पुरावा त्या विरुद्ध आहे. लांब बोगद्यात आणि सरळ पुलावर वळणांचा धाक राहत नाही. बंद पडलेल्या वाहनास बाजूला नेण्यास जागा कमी असते. आगीचा धूर कोंडतो. वाट सुगम होण्याच्या आधीच तिच्या सुरक्षेची व्यवस्था पुरी झाली पाहिजे, हाच बोरघाटाच्या दोनशे वर्षांचा निष्कर्ष आहे.

८

आता चालकाच्या कर्तव्याविषयी. मार्गाच्या रचनेवर भर दिल्याने चालक मोकळा सुटतो, असा आक्षेप घेतला जाईल. तो योग्य नाही. उलट, नियमांमागील कारण समजले म्हणजे ते पाळणे अधिक सुकर होते. जड वाहनांनी डावी मार्गिका सोडू नये, कारण उजवीकडे येणाऱ्या मोटारीच्या आणि त्यांच्या वेगातील अंतर हेच टकरीचे मूळ आहे. उतारावर गिअर काढू नये, कारण ब्रेकांची सहनशक्ती मर्यादित आहे. मार्गावर थांबू नये. थांबणे अटळच झाले तर गाडी पूर्ण डावीकडे घ्यावी, इशाऱ्याचे दिवे लावावेत, मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवावा आणि सर्वांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे, कारण उभी गाडी हीच त्या वेळी सर्वांत धोक्याची जागा असते. पहाटेच्या प्रवासात झोप अनावर झाली तर फूड मॉलवर किंवा पेट्रोलपंपावर गाडी नेऊन विश्रांती घ्यावी. परिस्थितीने लादलेले थांबे गेले, म्हणून ते आता स्वतः ठरवून घ्यावे लागतात. मागील आसनावरच्या प्रवाशानेही पट्टा बांधावा, कारण आघाताच्या क्षणी त्याचे शरीर गाडीच्याच वेगाने पुढे फेकले जाते.

कायद्याने चालकास पकडावे हे ठीकच. पण प्रत्येक प्राणघातक अपघातानंतर मार्गाचीही चौकशी व्हावी आणि तिचा अहवाल रस्ता बांधणाऱ्याच्या हाती जावा, ही प्रथा जोवर नियम होत नाही तोवर १८६३ च्या लोहमार्गाने गाठलेल्या विचारापर्यंत आपला रस्ता पोहोचला असे म्हणता येणार नाही. या दृष्टीने इतिहासाच्या अभ्यासकास मोठे क्षेत्र मोकळे आहे. पथकराच्या नोंदी, लोहमार्गाचे चौकशी अहवाल, न्यायालयांचे निवाडे, विमा दाव्यांची कागदपत्रे आणि अभियंत्यांची मानके ही साधने आजवर निरनिराळ्या कपाटांत राहिली आहेत. ती एकत्र वाचली गेली तर कोणता अपघात मनुष्याच्या हयगयीने झाला आणि कोणता मार्गाने आधीच रचून ठेवलेला होता, याचा निवाडा अधिक न्यायाने करता येईल. ज्यांचे आप्त या उतारावर गेले, त्यांना निदान इतका न्याय मिळाला पाहिजे.